अठ्ठ्याण्णव नंबरचं उत्तर

सरांनी माझा पहिला फॉर्म वाचला नाही. आधी त्याचा वास घेतला.

बुलढाण्याला चिखली रोडवर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पुण्याच्या एका संस्थेचा अभ्यास चालू होता. खेड्यातला माणूस आजारी पडला की कुठं जातो, किती वेळ बाहेर बसतो, किती खर्च येतो, डॉक्टर त्याच्याशी कसे बोलतात आणि डॉक्टरांना स्वतःला काय सोसावं लागतं, हे सगळं विचारायचं होतं. आम्ही सहा जण गावोगाव जाऊन फॉर्म भरायचो आणि सर ते तपासायचे. माझा फॉर्म त्यांनी नाकाजवळ नेला, उजेडात धरला, मग उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं.

"कुठं बसून भरला?"

"त्यांच्या घरी, सर."

"घरी कुठं?"

"ओट्यावर."

"मांडीवर पॅड होतं का नाई?"

नव्हतं, असं मी सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील मेहकरकडे भाजीपाला करतात. माझं नेमणुकीचं पत्र अकराच महिन्यांचं होतं, तरी वडिलांनी ते तालुक्याला जाऊन लॅमिनेशन करून आणलं आणि भिंतीवर लावलं होतं. अशा घरातून आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी चोर समजावं याचा मला फार राग आला. पुढे कळलं की सर सगळ्यांनाच चोर समजतात. त्यात त्यांच्याकडे भेदभाव नव्हता.

त्यांचं शास्त्र असं होतं : लोकांच्या घरी बाजेवर नाहीतर ओट्यावर बसून भरलेल्या फॉर्मची ओळ उतरती जाते. कागद मांडीवर असतो म्हणून पेन रुततं आणि पाठीमागून अक्षरं हाताला लागतात. कुठंतरी हळदीचं बोट असतं, धूळ असते. खोलीवर टेबलापाशी बसून मनाने भरलेला फॉर्म मात्र गुळगुळीत असतो. "साफ फॉर्म आला की मले भेव वाटते," असं ते म्हणायचे. संस्थेने आम्हाला टॅब पाठवले होते, ते सरांनी कपाटात कुलूप लावून ठेवले. टॅबच्या पाठीवरून बोट फिरवून काही कळत नाही, ही त्यांची तक्रार होती.

हे शास्त्र समजल्यावर आमच्यातल्या एकाने हुशारी केली. तो खोलीवरच फॉर्म भरायचा, ते चुरगाळायचा आणि वर चहाचे दोन थेंब टाकायचा. सरांनी एक दिवस त्याचे तीन फॉर्म ओळीने हुंगले.

"तिन्ही घरी एकच चा?"

चहा तर सगळीकडे सारखाच असतो, असं तो म्हणाला.

"स्टँडसमोरचा हाये हा. इलायची टाकते तो. मोताळ्याच्या खेड्यात तुले इलायचीचा चा कोण पाजून राह्यलं बे? सोयरीक कराले गेलता काय?"

आम्ही खूप हसलो. पुढच्या सोमवारपासून तो मुलगा आला नाही, तेव्हा हसू बंद झालं.

सर स्वतः कोणाच्याही घरी चहा घेत नसत. त्यांच्या खांद्याला एक थर्मास असे आणि पाण्याची बाटलीही घरचीच. ज्याचा चहा प्यायला त्याला दुसरा सवाल विचारता येत नाही, असं ते म्हणत. पहिला सवाल म्हणजे नाव, गाव, आजार. दुसरा म्हणजे खरा. मला हे पटत नव्हतं. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराला नाव ठेवणं. मी सगळीकडे चहा प्यायचे आणि सरांना सांगायचे नाही.

लोकांच्या तोंडावर त्यांचा विश्वास नव्हता, थैलीवर होता. आमच्याकडे घराघरात खुंटीला दवाखान्याची एक थैली असते. कधीकाळी ती साडीच्या दुकानातून आलेली असते. तिच्यात चिठ्ठ्या, रिपोर्ट, अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटं, घडी पडलेला एक्स-रे, सगळं असतं. सर माणसाचं सगळं बोलणं शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरं. आता थैली काढा." मग एकेक चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचत बसायचे. एकदाच ताप आला होता असं सांगणाऱ्याच्या थैलीतून चार दवाखाने निघायचे.

लोकही आमच्यावर तेवढाच संशय घ्यायचे. फॉर्म दिसला की कोणी म्हणायचं राशन बंद करायला आले, कोणी म्हणायचं योजना आली. एकाने तर मला सरळ विचारलं होतं, "ताई, खर्च जास्त सांगू का कमी? कशात फायदा हाये?" मी हे सरांना तक्रार म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, त्या गावात तो एकच माणूस खरा भेटला तुला.

पण सरांचा सगळ्यात मोठा वैरी होता तो अठ्ठ्याण्णव नंबर. आमच्या फॉर्ममध्ये उत्तरांना नंबर असायचे. हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन. 'माहीत नाही' म्हणजे अठ्ठ्याण्णव आणि 'सांगायचं नाही' म्हणजे नव्याण्णव. फॉर्ममध्ये अठ्ठ्याण्णव दिसलं की सर तो फॉर्म बाजूला ठेवायचे.

"नव्याण्णववाला इमानदार असते," ते म्हणायचे. "तो तोंडावर सांगते, नाई सांगत, जा. अठ्ठ्याण्णववाल्याले माहीत असते. समोरच्याचा भेव असते त्याले." आणि मग बोट दाराकडे करून, "परत जा. तेच घर, तोच सवाल."

मी एका अठ्ठ्याण्णवसाठी राजूर घाट उतरून पुन्हा त्याच गावाला गेले आहे. बस नव्हती, दुधाच्या गाडीत बसून गेले. आणि त्या म्हाताऱ्याला खरंच माहीत होतं.

एवढा संशय या माणसात आला कुठून, हे आम्हाला कळत नव्हतं. संस्थेत येण्याआधी सर सरकारी खात्यात होते, हिवतापाचे कर्मचारी. घरोघर जाऊन तापाचा पेशंट आहे का विचारायचं आणि भेट दिल्याची तारीख भिंतीवर लिहायची, हे त्यांचं काम. एकदा मी विचारलं, तुम्ही सगळ्या घरी जात होता का? त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट बसवलं.

"तीस वर्षं भिंतीवर तारखा लिहिल्या. त्यातल्या खऱ्या किती, ते मले नको इचारू."

नंतर त्यांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाळलं. तेव्हापासून मीही त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले.

डॉक्टरांचे फॉर्म सर स्वतः भरायचे. एकदा मला सोबत नेलं. तालुक्याच्या गावात एका तरुण डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. एका पेशंटला किती वेळ देता, या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं तर देतोच. सरांनी ते लिहून घेतलं, आभार मानले आणि बाहेर पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं दमले असतील. पण त्यांनी खिशातून एक चिंचोका काढला आणि दुसऱ्या खिशात टाकला. दाराआडून एक पेशंट बाहेर आला की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. दुपारी एकपर्यंत डावा खिसा रिकामा झाला. त्यात साठ चिंचोके होते आणि आम्ही बसलो होतो तीन तास.

कंपाउंडरने आत जाऊन सांगितलं असावं. डॉक्टर बाहेर आले, आम्हाला आत नेलं आणि दार लावून घेतलं. आधी चिडले. मग खुर्चीत बसले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. दहा मिनिटं असं कॉलेजात शिकवलं होतं, तीन मिनिटं सांगायची लाज वाटली. पण सर, तुम्ही पेशंट मोजले. मी सकाळपासून लघवीलाही उठलो नाही, ते मोजलं का?"

"नाई," सर म्हणाले. "तो सवाल फॉर्मात नाई."

डॉक्टर हसले. सर हसले नाहीत. त्यांनी फॉर्म पुन्हा काढला, आडवा धरला आणि डॉक्टरांचं बोलणं समासात जसंच्या तसं लिहिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, असा खोटारडा डॉक्टर. सर म्हणाले, "जो मी खोटं बोललो म्हणते, त्याच्यावर थोडा भरोसा ठेवता येते. बाकी कोनावर ठेवू?"

हे वाक्य मला पुढे एका गावात आठवलं.

मोताळा तालुक्यातल्या त्या गावात मी एका मावशींचा फॉर्म भरला होता. पन्नाशीच्या, भाजी विकणाऱ्या, शुगरचा आजार. बोलायला गोड. सरकारी दवाखान्यावर समाधानी, खाजगीवर समाधानी. डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला का? हो. कधीमधी चक्कर येते, पण ते उन्हाने. एकही अठ्ठ्याण्णव नाही. मी दोन कप चहा प्यायले होते आणि उठताना त्यांनी माझ्या पिशवीत पावशेर मिरच्या टाकल्या होत्या. थैली खुंटीला होती. मला दिसली होती. पण एवढ्या मायेने बोलणाऱ्या बाईची झडती काय घ्यायची, असं वाटलं.

फॉर्म पाहून सर म्हणाले, "एवढं समाधान बुलढाणा जिल्ह्यात नाई." आणि फेरतपासणीला मलाच घेऊन गेले. वाटेत मी ठरवलं होतं की आज हे मला पकडणार, अकरा महिन्यांचं पत्र दहाव्याच महिन्यात संपणार आणि वडील ते लॅमिनेशन भिंतीवरून काढणार.

सरांनी चहा नाकारला. मावशींचं तोंड उतरलं. मग थैली आली. सर भिंगाने पाकिटं पाहत बसले. एक सरकारी दवाखान्याचं, एक मेडिकलमधून आणलेलं. दोन्हींवरची मोठी नावं वेगळी होती. सरांनी खालची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. दोन्हींवर एकच औषध होतं.

"मावशी, यातली कोनती गोळी घेता?"

"दोन्ही घेतो ना. सकाळी बरोबरच."

"दोन्ही काऊन?"

मावशींना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "एकाची खाल्ली अन् दुसऱ्याची फेकून देली, तं त्याले काय वाटन? त्यानं बी तपासूनच देली ना. मी दोघाइचाही मान ठेवतो."

सरांनी पाकिटं परत थैलीत ठेवली. थैली मांडीवर घेऊन बसून राहिले. मावशींना ते काही सांगत का नाहीत, हे मला माहीत होतं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं : आपण विचारणारे. सांगणारे नाही. पेशंटला सल्ला दिला, दवाखाना सुचवला, तर फॉर्म बाद आणि माणूसही. शेवटी ते मला अंगणात घेऊन गेले.

"डबल गोळीनं शुगर उतरते, म्हनून चक्कर. ही बाई एखाद्या दिवशी वावरात पडून राहीन. अन् तुह्या फॉर्मात लिहिलं हाये, समाधानी." मग म्हणाले, "फॉर्म बाद होईन. होऊ दे."

मावशींना डॉक्टरांकडे न्यायला ऑटो बोलावला, पण त्या चढेनात.

"तुमाले तिथून काय भेटते?" त्यांनी सरांना विचारलं. पेशंट आणून देणाऱ्याला डॉक्टर कट देतात, हे आता खेड्यातही सगळ्यांना माहीत आहे.

सरांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळले. "याले म्हनतात सवाल. सकाळपासून आपल्याले असा एक नाई सुचला." मग मावशींना म्हणाले, "काईच भेटत नाई. पन माह्यावर भरोसा नका ठेवू. या पोरीनं फॉर्म भरताना तुमाले जो कागद देला, त्याच्यावर पुण्याचा फोन नंबर हाये. घरातल्या कोनाले लावाले सांगा, अन् इचारा म्हना."

मावशींनी शेजारच्या पुतण्याला कागद दिला आणि ऑटोत बसल्या.

सर त्यांना त्या चिंचोक्याच्या डॉक्टरांकडेच घेऊन निघाले, तेव्हा मला त्यांचं ते भरोशाचं वाक्य आठवलं. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं पाहिली, रक्त तपासलं, सरकारी गोळी चालू ठेवायला सांगितली आणि दुसरी बंद केली. मावशींना समजेपर्यंत तीनदा सांगितलं. मला वाटतं तेव्हा खरंच दहा मिनिटं झाली. फी राहू द्या म्हणाले, तर सरांनी ऐकलं नाही. फुकट पाहिलं तर उद्या लोक म्हणतील आपलं काही आहे. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले, मावशींच्या नावाने पावती घेतली आणि मला ती थैलीत टाकायला लावली. मी माझ्या हाताने टाकली.

संध्याकाळी माझ्या फॉर्मवर सरांनी लाल पेनने आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : बाद. तपासणाऱ्याने हस्तक्षेप केला. आणि सही केली.

पुतण्याने फोन लावला. पण विचारलं नाही, सांगितलं. तुमचा माणूस आमच्या काकूला एका ठरावीक दवाखान्यात घेऊन गेला, असं.

आठ दिवसांनी पुण्याहून मला फोन आला. बाई फार सभ्य बोलत होत्या. पुढच्या टप्प्याची नेमणूकपत्रं त्याच आठवड्यात निघणार होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी विचारलं, तुम्ही सोबत होतात, तर त्या डॉक्टरांशी सरांचा काही व्यवहार आहे का?

मला पावती आठवली. चिंचोके आठवले. भिंतीवरच्या तारखाही आठवल्या, हे कबूल करते. आणि त्यांच्याआधी लॅमिनेशन आठवलं.

"मला माहीत नाही, मॅडम," मी म्हणाले.

पलीकडे कळफलकावर दोन बटणं दाबल्याचा आवाज आला. तेवढाच.

सरांचं पत्र आलं नाही. माझं आलं. शेवटच्या दिवशी सर संध्याकाळपर्यंत फॉर्म तपासत बसले. माझा फॉर्म हातात आला तेव्हा मी वाट पाहत उभी राहिले. त्यांनी तो हुंगला नाही, पाठीवरून बोटही फिरवलं नाही. तसाच गठ्ठ्यात ठेवला, थर्मास खांद्याला लावला आणि खामगावच्या बसला निघून गेले.

सात-आठ महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. मला त्यांची जागा मिळाली होती. मधे मावशी बाजारात भेटल्या. चक्कर येत नाही म्हणाल्या, यंदा ऊन कमी आहे. मग नवीन मुलामुलींचं ट्रेनिंग आलं. मी फळ्यावर अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि सांगायला लागले की हे उत्तर आलं तर परत जायचं, तेच घर, तोच सवाल. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅडम, भीती घालवायची कशी? मी फळा पुसायला घेतला. त्या रविवारी गावी जाऊन मी संस्थेला पत्र लिहिलं. तुम्ही मला विचारलं होतं, मी माहीत नाही म्हणाले होते, मला माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते हे असं. पावती कुठं आहे तेही लिहिलं. पाठवण्याआधी ते घेऊन खामगावला गेले.

सर बनियनवर ओसरीत बसले होते. बसायला सांगितलं, पाणी दिलं. सरांच्या घरच्या काकू आतून चहाचं विचारत होत्या, तर त्यांना हाताने थांबवलं.

"आधी सांग, कायले आली?"

मी पत्र पुढे केलं. पूर्ण वाचायला त्यांना फार वेळ लागला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "तुह्या मॅडमनं मले फोनवर सांगतलं, सोबतची मुलगीही माहीत नाही म्हणते. म्हटलं, पोरगी भेली."

म्हणजे शेवटच्या दिवशी त्यांना माहीत होतं. माफी मागायची म्हणून मी आले होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, आता याचा काही उपयोग होईल का?

"काई नाई होत. ते काम संपलं." ते पत्र पुन्हा पाहायला लागले. "पन हे लई साफ आलं. टेबलावर बसून लिहिलं काय?"

"नाही सर. घरी. टमाट्याच्या क्रेटवर बसून."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग पत्र उलटं केलं आणि पाठीवरून सावकाश बोट फिरवत गेले. ओळ संपली की पुढची. नाकाजवळ नेलं. कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि तोंड आतल्या खोलीकडे केलं.

"चा मांड वो आता," ते म्हणाले. "दोन कप."